बूस्टर किती पुरतो?

पुण्यातल्या लसनिर्मितीची सुरुवात घोड्यांपासून झाली. पूनावालांच्या स्टड फार्मवरचे वयस्कर घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेला दिले जात आणि तिथे त्यांच्या रक्तातून धनुर्वातावरचं सीरम काढलं जाई. घोडे आपले, मग सीरमही आपणच का काढू नये, या हिशेबातून सायरस पूनावाला यांनी १९६६ मध्ये हडपसरला सीरम इन्स्टिट्यूट सुरू केली. धनुर्वाताचं सीरम हे तिच्या अगदी सुरुवातीच्या उत्पादनांपैकी एक. घोड्याच्या अंगात तयार झालेली प्रतिपिंडं जखमी माणसाला ऐन वेळी वाचवत. पण त्याच्या शरीरात ती दोन-तीन आठवड्यांपलीकडे फारशी उरत नसत. याच रोगावरची लस ज्यांनी पूर्ण घेतली आहे, त्यांच्या रक्तातली स्वतःची प्रतिपिंडं निम्म्यावर यायला मात्र साधारण ११ वर्षं लागतात. अमेरिकेतल्या ओरेगॉनच्या संशोधकांनी त्याच त्या माणसांचे रक्ताचे नमुने वर्षानुवर्षं तपासून २००७ मध्ये हे दाखवून दिलं.

रोग एकच, पण एका संरक्षणाची मुदत आठवड्यांत आणि दुसऱ्याची दशकांत. ‘बूस्टर किती दिवस पुरतो?’ या प्रश्नाला एकच आकडा उत्तर म्हणून देता येत नाही, त्याचं मूळ इथेच आहे.

हा प्रश्न घराघरांत पोहोचला तो कोविडमुळे. १२ जानेवारी २०२१ रोजी पहाटे पाच वाजायच्या आत सीरमच्या मांजरीच्या प्रकल्पातून तीन शीत ट्रक पूजा करून विमानतळाकडे निघाले. त्यांत कोविशील्डची ४७८ खोकी होती, प्रत्येकी ३२ किलोची. १ मार्चपासून साठीपुढच्यांचं लसीकरण सुरू झालं आणि पुढच्या वर्षी १० जानेवारी २०२२ पासून व्याधी असलेल्या ज्येष्ठांना तिसरा डोस मिळू लागला. सरकारी कागदांवर तो ‘प्रिकॉशन डोस’ होता; लोकांनी त्याला बूस्टरच म्हटलं. १६ मार्चपासून व्याधीची अट गेली. दोन डोसनंतर नऊ महिने थांबण्याची अट जुलैमध्ये सहा महिन्यांवर आली आणि १५ जुलैपासून ७५ दिवस तो सगळ्या प्रौढांना मोफत देण्यात आला. देशभरात असे २२ कोटींहून अधिक डोस दिले गेले. नऊचे सहा महिने झाले, तेव्हा कट्ट्यांवर आणि हास्यक्लबांत साहजिकच विचारणा सुरू झाली: मुदत खाली आली म्हणजे लस लवकर उतरते की काय?

उतरते; पण काय उतरतं, हे नीट पाहावं लागतं.

या बाबतीतला सर्वांत बोलका पुरावा इस्रायलचा. तिथे २०२२ च्या सुरुवातीला साठीपुढच्यांना चौथा डोस दिला गेला आणि सुमारे साडेबारा लाख लोकांच्या नोंदी तपासल्या गेल्या. तीनच डोस घेतलेल्यांमध्ये लागण होण्याचं प्रमाण चौथ्या आठवड्यात चार डोसवाल्यांच्या दुप्पट होतं. आठव्या आठवड्यापर्यंत हा फरक जवळपास पुसला गेला. म्हणजे लागणीपुरतं बोलायचं तर नव्या डोसचा फायदा दोन महिन्यांत संपला. गंभीर आजाराचा हिशेब मात्र वेगळा निघाला. तीन डोसवाल्यांमध्ये गंभीर आजाराचं प्रमाण साडेतीन पट होतं आणि सहा आठवड्यांच्या पाहणीत हा फरक कमी झाला नाही.

ब्रिटनची आकडेवारी पुणेकरांना अधिक जवळची, कारण तिथली ॲस्ट्राझेनेकाची लस आणि मांजरीत बनलेली कोविशील्ड मुळात एकच. या लशीचे दोन डोस घेतलेल्यांना ओमायक्रॉनच्या लक्षणांसह होणाऱ्या आजारापासून पाच-सहा महिन्यांनी काहीच संरक्षण उरलं नव्हतं. फायझरच्या बूस्टरनंतर ते ६२ टक्क्यांवर गेलं आणि दहा आठवड्यांनंतर ४० टक्क्यांच्या आसपास उतरलं. हे आकडे सर्व प्रौढांचे आहेत. शिवाय भारतात बूस्टर म्हणून बहुतेकांना पहिलीच लस पुन्हा मिळाली, त्यामुळे ते जसेच्या तसे इथे लावता येत नाहीत. उताराची दिशा मात्र तीच.

पुण्यात याचं एक छोटं उदाहरण मे २०२२ मध्ये दिसलं. ओमायक्रॉनचे बीए.४ आणि बीए.५ हे उपप्रकार राज्यात पहिल्यांदा सापडले ते पुण्यातल्या सात रुग्णांमध्ये. त्यांपैकी चौघं पन्नाशीपुढची होती. नऊ वर्षांचं एक मूल सोडलं तर सगळ्यांचे दोन्ही डोस झाले होते आणि एकाने बूस्टरही घेतला होता. सातही जणांना सौम्य त्रास झाला आणि ते घरीच बरे झाले. सात रुग्णांवरून सिद्धांत मांडता येत नाही. पण मोठ्या अभ्यासांनी जे सांगितलं, ते इतक्या जवळून क्वचितच दिसतं. बूस्टर घेतलेल्यालाही लागण झाली आणि तरी कोणाला खाटेची गरज पडली नाही.

असं का होतं? लशीनंतर रक्तात प्रतिपिंडांची मोठी लाट येते आणि काही महिन्यांत ओसरते. मागे उरतात स्मृतिपेशी. विषाणू पुन्हा आला की त्या जाग्या होतात, पण पुरेशी नवी प्रतिपिंडं तयार करायला त्यांना चार-पाच दिवस लागतात. ओमायक्रॉन लागण झाल्यापासून साधारण तीन दिवसांत लक्षणं दाखवतो. त्यामुळे घसा धरणं, ताप येणं स्मृतिपेशींना टाळता येत नाही. फुप्फुसापर्यंत जाणारा आजार त्या अडवू शकतात. हिपॅटायटिस बी सारख्या आजारात लागण आणि आजार यांच्यात दोन-तीन महिने जातात. तिथे प्रतिपिंडं उतरली तरी स्मृतिपेशींच्या हाती भरपूर वेळ असतो. बूस्टर किती पुरतो हे लशीइतकंच रोगाच्या वेगावरही ठरतं.

यात वयाची भर पडते. छातीच्या हाडामागची थायमस ग्रंथी तरुणपणापासूनच आक्रसत जाते, त्यामुळे नव्या शत्रूला ओळखू शकणाऱ्या कोऱ्या टी-पेशी वयाबरोबर कमी होतात. लसिका ग्रंथींमध्ये प्रतिपिंडांना धार लावण्याचं काम मंदावतं. जोडीला मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर प्रतिसाद आणखी ढिला पडतो. परिणामी सत्तरीतल्या माणसाची प्रतिपिंडांची लाट मुळातच बुटकी असते आणि मग ती पुरेशा पातळीखालीही लवकर जाते.

म्हातारपणी शरीराची स्मृतीच जाते, असा अर्थ मात्र यातून काढू नये. याची एक विलक्षण नोंद पुण्याच्याच एका साथीच्या आगेमागे झाली आहे. २००९ मध्ये स्वाइन फ्लूने पुण्याला घेरलं. ३ ऑगस्टला देशातला या आजाराचा पहिला मृत्यू पुण्यात झाला, तो चौदा वर्षांच्या शाळकरी मुलीचा. शाळा, चित्रपटगृहं बंद झाली, रस्त्यावर माणसं रुमाल बांधून फिरू लागली. नेहमीच्या फ्लूमध्ये म्हाताऱ्यांना जपावं लागतं. या साथीत जगभर तरुण आणि मुलं अधिक आजारी पडली. अमेरिकेत जुने रक्तनमुने तपासले, तेव्हा १९५० पूर्वी जन्मलेल्या सुमारे एक तृतीयांश लोकांच्या रक्तात या ‘नव्या’ विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं आधीच सापडली. १९१८ च्या साथीच्या विषाणूचे वंशज १९५७ पर्यंत फिरत होते आणि ही माणसं लहानपणी त्यांच्याशी लढली होती. २००९ च्या आदल्याच वर्षी दुसऱ्या एका संशोधनात १९१५ किंवा त्याआधी जन्मलेल्या ३२ जणांच्या रक्तात १९१८ च्या विषाणूला निष्प्रभ करणारी प्रतिपिंडं, नव्वद वर्षांनंतरही, मिळाली होती. वय झालेलं शरीर जुनं सहसा विसरत नाही. त्याला जड जातं ते नवं शिकणं.

कोविडच्या बाबतीत हे नवं शिकणं लशीने जसं झालं तसंच प्रत्यक्ष लागणीनेही झालं. जुलै-ऑगस्ट २०२० मध्ये, म्हणजे लस यायच्या आधीच, आयसर, पुणे विद्यापीठ आणि महापालिका यांच्या सहभागाने शहरातल्या पाच प्रभागांत झालेल्या पाहणीत ५१.५ टक्के लोकांमध्ये प्रतिपिंडं आढळली. लोहियानगर-कासेवाडीत हे प्रमाण सर्वाधिक होतं. ६५ च्या पुढच्यांमध्ये ते इतर वयांपेक्षा कमी, ४० टक्क्यांच्या आसपास होतं, बहुधा ही मंडळी घरात बसली होती म्हणून. पुढे डेल्टा आणि ओमायक्रॉनने बहुतेक घरं गाठली. लस आणि लागण दोन्ही झालेल्यांची ‘संकरित’ प्रतिकारशक्ती जगभरच्या अभ्यासांतून एकत्र तपासली गेली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या विश्लेषणात ओमायक्रॉनमुळे रुग्णालयात जाण्यापासूनचं संरक्षण वर्षानंतरही ९७ टक्के, तर पुन्हा लागण होण्यापासूनचं ४२ टक्के निघालं.

आज कोणी कोविडचा बूस्टर घेतला, तर तो या आधीच्या पायावरची भर असतो. अमेरिकेत २०२४-२५ च्या हंगामी लशीने ६५ च्या पुढच्या, प्रतिकारशक्ती शाबूत असलेल्या लोकांचं रुग्णालयात जाणं पहिल्या चार महिन्यांत सुमारे ४५ टक्क्यांनी कमी केलं. ४५ हा आकडा ऐकायला लहान वाटतो. पण तुलना झाली ती आधीची प्रतिकारशक्ती असलेल्या, त्या हंगामात लस न घेतलेल्यांशी, हे लक्षात ठेवायला हवं. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्लाही अतिवृद्ध आणि व्याधिग्रस्तांना सहा ते बारा महिन्यांनी पुन्हा डोस देण्याचा राहिला आहे. पुण्यात मात्र लोकांचा उत्साह त्याआधीच ओसरला होता. सीरमने कोविशील्डचं उत्पादन डिसेंबर २०२१ मध्येच थांबवलं आणि सुमारे दहा कोटी डोसांची मुदत संपल्याचं कंपनीचे प्रमुख अदर पूनावाला यांनी ऑक्टोबर २०२२ मध्ये सांगितलं. हिंजवडीच्या जिनोव्हा कंपनीने ओमायक्रॉनसाठी खास बनवलेल्या, सुईविना द्यायच्या एमआरएनए लशीला जून २०२३ मध्ये मंजुरी मिळाली; तोवर रांगा संपल्या होत्या.

बूस्टरचा प्रश्न कोविडबरोबर संपत नाही. साठीपुढच्या पुणेकराच्या रोजच्या जगण्याशी खरा संबंध फ्लूचा आहे आणि तिथे ‘किती पुरतो’ इतकाच ‘कधी घ्यायचा’ हाही प्रश्न महत्त्वाचा. अमेरिकेतल्या २०१५ ते २०१९ या चार हंगामांच्या अभ्यासात, फ्लूमुळे रुग्णालयात जाण्यापासूनचं संरक्षण ६५ च्या पुढच्यांमध्ये महिन्याला सुमारे दहा टक्क्यांनी घटताना दिसलं. तिथे लोक सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये लस घेतात, कारण त्यांचा फ्लू थंडीत येतो. पुण्यात फ्लूचा मोठा भर पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबर असतो. छोटी लाट हिवाळ्याच्या अखेरीस येते. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी इतर केंद्रांसह देशभरच्या नोंदी तपासून २०१५ मध्ये हेच मांडलं: श्रीनगरसारख्या उत्तर टोकाला लस ऑक्टोबर-नोव्हेंबरात द्यावी, पण देशाच्या बहुतेक भागात ती एप्रिल-मेमध्ये द्यायला हवी. न्यू जर्सीतला मुलगा फोनवर ‘बाबा, फ्लू शॉट घेतलात का?’ असं ऑक्टोबरात विचारतो आणि बाबा कोथरूडात तेव्हा लस घेतात. मुलाची काळजी रास्त, महिना चुकीचा. पुढच्या जुलैपर्यंत त्या लशीत फारसा दम उरलेला नसतो.

फ्लूच्या लशीचा दुसरा अडसर विषाणूच्या सतत बदलण्याचा. त्यामुळे तिचं सूत्र वर्षातून दोनदा, उत्तर आणि दक्षिण गोलार्धासाठी वेगवेगळं ठरवलं जातं. वयस्करांची प्रतिपिंडांची लाट उंच उठावी म्हणून काही देशांत त्यांना चौपट प्रतिजन असलेली लस देतात. सुमारे ३२ हजार ज्येष्ठांवरच्या चाचणीत ती नेहमीच्या लशीपेक्षा २४ टक्के अधिक परिणामकारक ठरली. उतार थांबत नाही, पण तो अधिक उंचीवरून सुरू होतो.

नागिणीच्या लशीने मात्र वृद्धांच्या लसीकरणाबद्दलच्या बऱ्याच समजुती मोडीत काढल्या आहेत. लहानपणी होऊन गेलेल्या कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूंच्या गाठींत दबा धरून बसतो आणि उतारवयात प्रतिकारशक्तीचा पहारा ढिला पडताच नागीण होऊन बाहेर येतो. कमरेच्या किंवा छातीच्या एका बाजूने फोडांचा पट्टा उठतो. विळखा पूर्ण झाला, तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस जातो, अशी जुनी भीती अजून ऐकू येते. कोणी त्यावर काव लावतं, कोणी मंत्र घालून घेतं. विळखा पूर्ण होण्याचा प्रश्न सहसा येतच नाही, कारण एका मज्जातंतूचा पट्टा शरीराच्या मध्यरेषेशी थांबतो. खरा धोका फोड गेल्यावर महिनोन्‌महिने उरणाऱ्या जळजळीत वेदनेचा. सदऱ्याचं कापड लागलं तरी सहन होत नाही, असं रुग्ण सांगतात.

या आजारावरची पहिली लस, झोस्टाव्हॅक्स, जिवंत पण दुर्बल केलेल्या विषाणूची होती. साठीपुढच्यांमध्ये ती सुमारे ५१ टक्के आणि सत्तरीपुढच्यांमध्ये ३८ टक्केच चालली. काही वर्षांत तिचा असर ओसरे. अमेरिकेत ती २०२० मध्ये बंद झाली. दुसरी, शिंग्रिक्स, भारतात एप्रिल २०२३ मध्ये आली. तिच्यात विषाणूचं एकच प्रथिन आहे आणि त्याच्या जोडीला प्रतिकारशक्तीला चेतवणारं मिश्रण, ज्याचा एक घटक चिलीतल्या क्विलाया झाडाच्या सालीतून मिळतो. सत्तरीपुढच्यांमध्येही तिची परिणामकारकता सुरुवातीला ९० टक्क्यांच्या घरात होती आणि अकराव्या वर्षीही सर्व सहभागींचं मिळून एकूण संरक्षण ८० टक्क्यांच्या आसपास राहिल्याचं दीर्घ पाठपुराव्यात दिसलं. म्हातारं शरीर लशीला दाद देत नाही, ही समजूत यापुढे सरसकट मांडता येणार नाही. लस नीट घडवली तर ते दहा-अकरा वर्षं दाद देतं. अडचण पैशाची आहे: दोन डोसांचा खर्च पाच आकडी होतो आणि तो बहुतेकांना खिशातूनच करावा लागतो.

न्यूमोनियाच्या, म्हणजे न्यूमोकोकस जिवाणूच्या लशींतही हेच दोन पिढ्यांचं अंतर आहे. २३ प्रकारांवरची जुनी लस नुसत्या शर्करेच्या आवरणाची. ती स्मृतिपेशी नीट घडवत नाही आणि पाच वर्षांत बरीच उतरते. शर्करेला प्रथिनाची जोड दिलेली लस नेदरलँड्समध्ये ६५ च्या पुढच्या सुमारे ८५ हजार लोकांवर तपासली गेली, तेव्हा रक्तात पसरणाऱ्या आजारापासून ७५ टक्के संरक्षण मिळालं आणि सुमारे चार वर्षांच्या पाठपुराव्यात ते टिकून राहिलं. या जोड-लशीचा बालकांसाठीचा पुण्यात बनलेला प्रकार, न्यूमोसिल, डिसेंबर २०२० मध्ये आला. २०२१ पासून न्यूमोकोकसची लस देशभरच्या बालकांच्या सरकारी लसीकरणात आहे. नातवंडांच्या नाकाघशातला जिवाणू कमी झाला की आजी-आजोबांचा न्यूमोनियाही घटतो, हे अमेरिकेने २००० नंतर अनुभवलं आहे.

धनुर्वाताचं इंजेक्शन मात्र सगळ्यांच्या ओळखीचं. खिळा लागला, पत्रा कापला की ‘टीटी’ घ्यायचा, हे कोणाला शिकवावं लागत नाही. अमेरिकेत दर दहा वर्षांनी डोस सुचवतात; ब्रिटनमध्ये आयुष्यात पाच डोस पुरेसे मानतात. हे दोन्ही हिशेब पाया भक्कम आहे असं धरून केलेले आहेत. भारतात बालकांचा लसीकरण कार्यक्रम १९७८ मध्ये सुरू झाला. त्याआधी जन्मलेल्या अनेकांना बालपणीचे डोस मिळालेच नाहीत. बायकांना निदान गरोदरपणात धनुर्वाताची लस मिळाली. साठीपुढच्या कित्येक पुरुषांच्या वाट्याला आली ती जखमेनंतरची एखाद-दुसरी सुई. ज्याची मूळ मालिकाच झालेली नाही, त्याने बूस्टरची मुदत विचारण्यात अर्थ नाही. त्याला आधी मालिका पूर्ण करावी लागते.

मग रक्त तपासून घेतलं तर? कोविडच्या काळात पुण्यातल्या प्रयोगशाळांत प्रतिपिंडं मोजून घेण्याची टूम निघाली आणि कोणाचा आकडा मोठा यावर सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांत चर्चा रंगल्या. या आकड्याच्या वर सुरक्षित आणि खाली असुरक्षित, अशी कोविडसाठी सर्वमान्य रेषा कधी ठरलीच नाही. अशी रेषा आहे ती हिपॅटायटिस बी साठी. म्हणून डायलिसिसवरच्या रुग्णांची प्रतिपिंडं वर्षातून एकदा मोजतात आणि पातळी दहाच्या खाली गेली की बूस्टर देतात. बाकीच्यांसाठी घड्याळ म्हणजे कॅलेंडरच.

आणि नेमकं तेच कोणाकडे नसतं. कोविडच्या प्रत्येक डोसची तारीख को-विनवर आहे. यू-विन हे नवं पोर्टल गरोदर स्त्रिया आणि मुलांसाठी आहे. साठीच्या माणसाने फ्लूची लस केव्हा घेतली, धनुर्वाताचे किती डोस झाले, हे कुठेच एकत्र लिहिलेलं नसतं. २०१७-१८ च्या ‘लासी’ या राष्ट्रीय पाहणीत, मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने गोळा केलेल्या माहितीनुसार, पंचेचाळिशीपुढच्यांत फ्लूची लस घेतलेले जेमतेम दीड टक्का होते आणि न्यूमोकोकसची घेतलेले एक टक्क्याहूनही कमी. जगाला लशी पुरवणाऱ्या शहरात आणि देशात बूस्टर किती टिकतो याचे स्वतःचे आकडे फारसे नसण्याचं एक कारण हेही आहे. मोजायला आधी लस घेतलेली माणसं लागतात, आणि त्यांच्या नोंदी.

तोवर ज्येष्ठांनी आणि त्यांच्या मुलांनी घरापुरती नोंद ठेवायला हरकत नाही. फाइलमध्ये रक्तदाबाच्या आणि साखरेच्या कागदांच्या वर एक पान लावावं: फ्लूची लस दरवर्षी एप्रिल-मेमध्ये, धनुर्वाताची मालिका झाली असेल तर दहा वर्षांनी एक डोस, नसेल तर पूर्ण मालिका, न्यूमोकोकसची लस कोणती आणि केव्हा, पन्नाशीनंतर परवडत असेल तर नागिणीचे दोन डोस, आणि कोविडचा शेवटचा डोस कधी झाला. हे पान पुढच्या तपासणीला डॉक्टरांसमोर ठेवावं आणि स्वतःच्या व्याधींप्रमाणे त्यात बदल करून घ्यावा.